नवा कॉम्प्युटर आणि अकरा हजार टाके

३ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.१०
घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतो. आज घड्याळ लावून मोजलं. तेवढ्यात माझे दात घासून, दाढी होऊन, वर थकवाही येतो. पुरे झालं. ऑफिसातल्या गुरुजींनी (आयुष्यात एकाही शाळेत शिकवलं नाही, पण आम्हा सगळ्यांना शिकवतात) पेनड्राइव्हवर नवी फुकटची सिस्टिम दिली आहे. जुनं सगळं काढायचं, हे टाकायचं. दोन तासांचं काम.

हिला काल संध्याकाळीच सांगितलं होतं, उद्या जरा कॉम्प्युटर बघतो. आज चहा देताना म्हणाली, अहो, माझा खंड्या झाल्यावर करा की.

खंड्या म्हणजे पोहण्याच्या क्लबचा बिल्ला, त्यावर खंड्या पक्षी. हिच्या भरतकामाच्या मशीनवर दीडशे काढायचे आहेत, सतरा तारखेला द्यायचे. नक्षी कॉम्प्युटरवर काढावी लागते, मग मशीनला द्यायची. अकरा हजार टाके, नऊ रंग, तीन आठवडे खपली आहे. नातेवाइकांबाहेरची पहिली मोठी ऑर्डर. पसंत पडली तर क्लबचे वर्षाचे सगळे कपडे हिच्याकडे.

म्हटलं, जेवणानंतर तुझा खंड्या नव्या घरात असेल.

सकाळी ९.३०
बॅकअप घेतला. लोक याचा उगाच बाऊ करतात. स्क्रीनवरची सगळी चित्रं एकेक करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ओढली. एकोणीस. 'खंड्या' सर्वांत आधी. चार सेकंदांत काम झालं. कॉम्प्युटरवरचा अकरा वर्षांचा संसार, आणि एका फोटोएवढीही जागा लागली नाही! आपण किती साधेपणाने जगलो.

दुपारी १.४५
नव्या सिस्टिमने विचारलं, जुनं सगळं पुसू का? मग पुन्हा विचारलं, नक्की ना? इतक्या अदबीने ऑफिसात कोणी विचारत नाही. हो म्हटलं.

दुपारी ४
चाळीस सेकंदांत सुरू! सगळ्यांना हाक मारली. लेक म्हणाली, मागचा डोंगर छान आहे. आणि परत फोनमध्ये. ही म्हणाली, खंड्या कुठे आहे? म्हटलं, पेनड्राइव्हमध्ये सुरक्षित. ही 'बरं' म्हणाली. हिचं 'बरं' मला कधीच नीट कळलेलं नाही.

४ फेब्रुवारी, रविवार
पेनड्राइव्ह लावला. एकोणीस पांढरे कागद दिसतात. कुठलाही दाबला तरी काही होत नाही. नवीन जागेत बुजले असणार. हिला सांगितलं, थोडी फॉर्मॅलिटी बाकी आहे.

५ फेब्रुवारी, सोमवार
गुरुजींना पेनड्राइव्ह दाखवला. खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडलं.
मग म्हणाले, अरे, ही चित्रं म्हणजे नुसत्या दारावरच्या पाट्या. पाट्या तेवढ्या काढून आणल्यास आणि घर पाडून टाकलंस.
त्यांची समजावण्याची पद्धत अतिशय वाईट आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार
निर्णय : हिला इतक्यात सांगायचं नाही. हे खोटं बोलणं नव्हे. योग्य वेळेची वाट पाहणं आहे.
पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्राम मिळाला. एकतीस तास लागतील म्हणतो. लागू देत.
ही रोज दुपारी बहिणीकडे जाते, असं लेकीकडून कळलं. ऑर्डर तोंडावर आली असताना! पण बोललो नाही. तिलाही बदल हवा.

८ फेब्रुवारी, गुरुवार
चार हजार एकशे बारा फायली परत आल्या. नावं गेली, नुसते आकडे उरले. ऑफिसातून आल्यावर सहाशे उघडल्या. अर्धा नळ (फोटो). विजेचं बिल. कोणाच्या तरी लग्नातली चपलांची रांग. लेकीचा चौथीतला निबंध, फक्त पहिली ओळ : 'माझे बाबा घरातलं सगळं दुरुस्त करतात.' पुढचं वाचता येत नाही.
खंड्या नाही. डोळे चुरचुरतात.

१० फेब्रुवारी, शनिवार
नवा निर्धार. खंड्या मीच काढतो. पक्षीच आहे, विमान नव्हे. नव्या सिस्टिममध्ये चित्र काढायची उत्तम सोय आहे. सकाळपासून चोच करतोय. ही दोनदा खोलीत डोकावली. म्हणाली, चालू द्या तुमचं. दार ओढून घेतलं. समजूतदार आहे.

११ फेब्रुवारी, रविवार
खंड्या पूर्ण. लेकीला दाखवला. म्हणाली, बाबा, बदक मस्त आहे.
भरतकामाच्या मशीनला द्यायला पेनड्राइव्ह घेऊन गेलो. मशीनवर हिने चादर घालून चारी बाजूंनी पिना लावल्या होत्या. धुळीसाठी असेल. पिना काढून पेनड्राइव्ह लावला. मशीनने प्रश्नचिन्ह दाखवलं आणि शिट्टीसारखा आवाज करत राहिलं. बंद करून पिना होत्या तशा लावल्या. एक उरली. खिशात ठेवली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
झोप नाही. चारच दिवस राहिले. हिची ऑर्डर बुडणार आणि ती माझ्यामुळे. अर्थात गुरुजींचाही वाटा आहे, सिस्टिमचाही आहे. पण क्लबला तोंड दाखवायचंय ते हिलाच. उद्या रजा टाकून सगळं सांगणार. पाच मुद्दे काढलेत.

१४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११
सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. दुसऱ्या मुद्द्यालाच म्हणाली, माहीत आहे हो. टॉवेलचं ते टोक धरा.
कधीपासून माहीत आहे? तर म्हणे, शनिवारपासून. तुम्ही शुक्रवारी 'कॉम्प्युटर बघतो' म्हणालात, तेव्हाच मी सगळं माझ्या पेनड्राइव्हवर घेऊन ताईकडे ठेवून आले. तिचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर चाललं उरलेलं काम. टाके घालायचे ते इथेच, तुम्ही ऑफिसात असताना.
कपाट उघडून दाखवलं. एकशे अडतीस खंड्या, दहा-दहाचे गठ्ठे. सुरेख. प्रत्येकाच्या डोळ्यात पांढरा ठिपका.
मी जरा आवाज चढवून म्हटलं, मग मला अकरा दिवस का नाही सांगितलंस?
म्हणाली, तुम्ही त्यात गुंतलेले होता. तेवढे दिवस माझं मशीन तरी सुखरूप राहिलं. एक पिन मात्र सापडत नाहीये.
उरलेले तीन मुद्दे वाचले नाहीत.

१७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६
बिल्ले पोचले. क्लबच्या बाई फार खूश. वर्षाचे कपडे हिच्याकडे. खोकी मीच उचलून नेली. ही बाईंना म्हणाली, यांची फार मदत झाली. बहुधा खोक्यांबद्दल असावं.
मेहुणीचा लॅपटॉप आता कायमचा आमच्याकडे आलाय. नवा कॉम्प्युटर अजून चाळीस सेकंदांत सुरू होतो. कोणी करत नाही. त्याच्यावर दोऱ्याची रिळं ठेवलीत.
लॅपटॉप सुरू व्हायला किती वेळ लागतो ते फक्त बघावं, म्हणून बसलो. नऊ मिनिटं. मग पासवर्ड मागितला. लेकीला विचारलं.
म्हणाली, बाबा, आईला माहीत आहे, मावशीला माहीत आहे, मला माहीत आहे. तुला कुठलाच पासवर्ड सांगायचा नाही असं ठरलंय.
विचारलं, कधी ठरलं?
म्हणाली, तू प्रिंटर उघडला होतास ना, त्या वर्षी.