मोरीचा बोळा

भिंत पडली त्याचं खापर तुमी आपल्याच डोक्यावर फोडून घेतलंत आन मला एका शब्दानं इचारलं न्हाई. मरायच्या आधी पंधरा दिस अंथरुणात व्हता. उशी सारखी कर म्हणालात, कोंबड्या झाकल्या का म्हणालात, ते मात्र तोंडातनं काढलं न्हाई. म्हणून रामराम मागनं घालते, आबा, आधी हे ऐका.

हिर्डोशीच्या वर घाटरस्त्याचं काम चाललं व्हतं. तुमी गवंड्यांचे मुकादम, आन आपली खोपी रस्ता तोलून धराया तुमीच बांधलेल्या त्या लांबलचक भिंतीच्या एका टोकाला. वर खाणीतला दगड फळ्यांच्या घसरणीवरनं खाली सुटायचा. सोडणारा "आला रं" म्हणायचा आन मग असा खडखडाट, की आईच्या हातातली भाकरी वाकडी व्हायची. एकदा रिकाम्या घसरणीवर बसून म्या खाली आले, तवा तुमी कान असा पिळलात की दोन दिस त्या कुशीवर झोपता आलं न्हाई. डोंगराचं पाणी भिंतीमागं तुंबू ने म्हणून तुमी बुडातनं बोगदा काढला व्हता, आत रांगत जाता यावं एवढा, तोंडाला मात्र दगड बसवून वीतभर भोक ठेवलेलं. त्याला तुमी सगळे मोरी म्हणायचा. आता मला ठावं असलेली मोरी एकच, घरातली, भांडी घासायची. तिच्या भोकाला तिन्हीसांजेला बोळा मारायचा, इचूकिरडू आत येऊ ने म्हणून. तुमच्या मोरीतनं साप निघून खोपीकडं येताना म्या बघितला. तुमी म्हणालात, तो आपल्या वाटेनं जाईल. मला काय ते पटलं न्हाई. जुना परकर कोंबला, वर चपटा दगड ठोकून बसवला, शेणमातीनं लिंपून टाकलं. काम नीट केलं, तुमचीच लेक.

आषाढात मोरीच्या अंगाला भिंतीला पोट आलं आन चौथ्या दिशी तेवढी भिंत रस्त्यासकट खाली बसली. ढिगाखाली माणूस आलं न्हाई, एवढंच. ओव्हरसियर घोड्यावरनं आला. म्या आईच्या मागं उभी हाय. तुमी पडलेल्या दगडांत वाकताय, चिखलानं भरलेलं काहीतरी उचलताय, आन झटक्यात घोंगडीखाली काखेत घेताय. तो इचारतोय, "मुकादम, मोरी साफ होती ना?"

"व्हय साहेब. म्या सोता बघितली व्हती. चुना कच्चा राहिला, चूक माजी."

मुकादमकी त्याच दिशी गेली. ज्याला थापी धराया शिकवलंत तो वरनं "आबा, बाजूला व्हा" म्हणून वरडायचा, आन तुमी घसरणीच्या बुडाशी दगड वढायचा. पुढं नसरापुरापातूर कुणी तुमाला विहिरीचा कठडाबी बांधाया बोलावलं न्हाई. तुमाला ठावं हाय, असा मला तवाच संशय आला. खात्री करावी म्हणून तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा घसरणीवर बसले. तुमी बघितलंत, आन तोंड फिरवून बिडी पेटवलीत. कान पिळला असता तर म्या सुटले असते.

लई वर्सं म्या ते चुनेवाल्यावर ढकललं. त्याची नजर सरळ नव्हती, चुन्यात माती घातली असंल, अजूनबी वाटतं घातलीच असंल. एवढासा बोळा एवढी भिंत पाडतो व्हय? सुनांना, नातवंडांना हेच सांगत आले. पन बोळा म्या मारला व्हता. हे कुणाला सांगितलेलं न्हाई, आन हे पत्रबी पोस्टात पडायचं न्हाई. तुमाला ठावं व्हतं का न्हाई, तेवढं सांगा. उत्तर तुमीच द्यायचं. तिथं तुमच्याजवळ आई हाय, तिला पुढं करायचं न्हाई, ती तुमची बाजू घेईल.