आंब्याला जामीन

अण्णा, मला किळस आली आहे. आजही ऑफिसला जायच्या आधी हातमोजे घालून कॉन्डोच्या पार्किंगमध्ये वाकून सडके आंबे वेचले. इथे परदेशात, यिशुनच्या या उकाड्यात रात्री पडलेला आंबा सकाळी पिचपिचीत झालेला असतो, आत अळ्या, वर माश्या, आणि तो आंबूस वास दिवसभर नाकातून जात नाही. पण त्याहून जास्त किळस मला माणसांची येते, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मोहर यायच्या आधी तुम्ही परसातल्या त्या न धरणाऱ्या रायवळापुढे कोयता उगारून उभे राहायचात आणि चालीत म्हणायचात, "देतोस की जातोस, सांग रे आंब्या." मग आई पुढे होऊन त्याच चालीत म्हणायची, "नको धनी, घाव नको, यंदा देईल भरभरून, मी जामीन." जामीन मिळाला की कोयता खाली. एका वर्षी आई माहेरी गेलेली आणि तिच्या जागी मी. कशावरून तरी रुसलेली, गप्प. तुमचा हात वर तो वरच. तुम्ही पुटपुटता, "बोल गं बाये, हात भरून आला. कुणी बोललं नाही तर घालावा लागेल घाव." मी घाबरून एका दमात सगळं म्हणून टाकते. नंतर विचारलं, हा तर कधीच धरत नाही, मग आम्ही खोटं का बोलायचं? तुम्ही खेकसलात, "झाडासाठी बोलायचं असतं तसं. आणि जामीन राहिलीस ना, आता वर्षभर पाणी तू घालायचंस." घातलं मी.

इथल्या आंब्याचा गुन्हा उलटा, तो धरतो. फळं गाड्यांवर पडतात. गेल्या वर्षीच्या मीटिंगमध्ये आमचे शेजारी, आपले पुण्याचेच, जुरोंग आयलंडवर इंजिनिअर, उठून म्हणाले, "प्रॅक्टिकली बघा ना. नुसता न्यूसन्स आहे. तोडू आणि पाम लावू." याच माणसाने पाडव्याला याच झाडाच्या डहाळ्या ओरबाडून दाराला तोरण बांधलं होतं, वर ग्रुपवर फोटो. शिसारी आली मला. चेअरमन बाईंनी विचारलं, कुणाची हरकत? सगळ्यांची डोकी फोनमध्ये, कुणी तोंड उघडेना. मला हात भरून आलेले तुम्ही दिसलात. मी उभी राहिले आणि म्हणाले, वर्षभर रोज सकाळी सगळं मी उचलीन. "कॅन, लाह," बाईंनी इथल्या इंग्रजीत होकार दिला, "वन इयर, सी फर्स्ट." शेजारी हसले. "एवढं काय आहे हो त्या आंब्यात?" मी म्हणाले, "पायरीच्या तोंडात मारेल असा गोड आहे."

आता वर्ष संपत आलंय, पुढच्या महिन्यात पुन्हा मीटिंग. मुलगी नाक धरून म्हणते, "ममा, लेट देम कट लाह, यू स्टिंक." खरं आहे तिचं. तरी मी उभी राहणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हालाच सांगते. त्या दिवशी मीटिंगहून परतताना एक आंबा उचलून चाखला, पहिल्यांदाच. पाणचट, नुसते दोरे, वर घासलेटचा वास. तिथेच थुंकून टाकला. पुढच्या महिन्यातही मी गोडच सांगणार आहे.