ताई, प्रवेश घे

दि. ९, रविवार, जेवणानंतर

प्रिय ताई,
वाकून नमस्कार. पाठ धरलीय, म्हणून अर्धाच वाकलोय, गोड मानून घे. बाबांना पूर्ण सांग.

मी मजेत. बोटी खरवडतो, रंगवतो. काल एका बोटीत कबुतराची अंडी निघाली, म्हणून ती बोट तशीच ठेवलीय. गिऱ्हाईक बोंबलतंय. कबुतर मात्र निवांत. असो, कुठे वाहवलो!

तू विचारलंस, इतकी वर्षं बाबांचं फ्रेमचं दुकान चालवल्यावर आता एमबीएला जाऊन बसण्यात अर्थ आहे का. दहावीत दोनदा आपटलेल्या भावाला विचारतेस, धन्य आहेस! पण आमच्या मालकिणीनं एमबीए केलंय, म्हणून तिलाच गाठलं.

"उपयोग झाला का हो?"

"झाला की. बँकेतला माणूस आता माझ्याशी बोलताना नीट बसतो."

"बस, एवढंच?"

"हिशेबाचं भय गेलं. बाकी इथेच शिकले. पण गेले नसते, तर तिकडे काय शिकवतात म्हणून जन्मभर चुटपुट लागली असती. पण तुझी बहीण गेली की दुकान कोण बघणार?"

मी म्हटलं, "माझा ब्रश कुठे गेला?"

"हातात आहे तुझ्या."

ताई, याआधी तुला एक पत्र लिहून झालं होतं. जाऊ नकोस, असं. कारणं एकदम झकास होती: तुझं वय, फी, नोकऱ्यांची बोंब. वाचून मलाच पटलं. पाकीट चिकटवताना कळलं, यातलं एकही कारण तुझ्यासाठी नाही. तू गेलीस की मला यावं लागेल, एवढंच.

तुझ्या चार पानांत बाबांबद्दल एकच ओळ होती. "हल्ली काच कापताना त्यांना रेघ दिसत नाही, मी कापते." ती ओळ मी दर वेळी भरभर वाचून पुढे सरकायचो. तू 'ये' असं लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस, तर भांडता तरी आलं असतं.

अर्थ आहे का ते मला खरंच ठाऊक नाही. पण 'जाऊ का' असं तू आयुष्यात पहिल्यांदा विचारलंयस. मी तर न विचारताच निघतो.

तेव्हा प्रवेश घे. मला काच कापता येत नाही, पहिल्या महिन्यात बरीच फुटेल. बाबा शिव्या देतील, देऊ देत. शिकवायचं तेवढं बघून घेतील. आणि माझा भरवसा धरू नकोस, मीही धरत नाही. म्हणून आज सकाळीच मालकिणीला सांगून टाकलं. माझ्या जागी दुसरा माणूस ठरला, खोलीही त्याला दिली. त्याची ट्रंक आत्ता माझ्या कॉटखाली आहे. शनिवारी पोचतो.

पुढची दोन वर्षं घरचाच,
भिंगरी