चार बोटांची फट

रोझेनहोफ वसाहत, १४ सप्टेंबर

प्रिय कर्नेलियस यास,

देवाची शांती तुझ्या घरी नांदो. आम्ही बरे आहोत. सूर्यफुलाची कापणी उरकली, धुळीने जीव नकोसा केलाय. तांबडी गाय व्याली. दाढ काढलेली जागा आता ठणकत नसेल.

तुझी चिठ्ठी मिळाली. 'बहिष्कृत माणसाने घरच्यांबरोबर एका टेबलावर जेवू नये. टेबलावरचं कापड कापून वेगळं करावं.' तू चर्चच्या मंडळीचा मुख्य असशील, पण तुझं शेंबडं नाक मी पुसलंय, तेव्हा सरळच लिहिते. नियम मी मोडलेला नाही. इसाकचं टेबल वेगळं आहे. मध्ये चार बोटांची फट आहे, येऊन मोज. दोन्हींवर आईचं एकच कापड अंथरलंय, एवढंच. कापड फाडायला कुठल्या वचनात सांगितलंय, तेवढं कळव.

ट्रॅक्टरला रबरी टायर लावले म्हणून माझ्या नवऱ्याला, इसाकला, मंडळीबाहेर काढलंत. ट्रॅक्टरला लोखंडी चाकं असली की पोरं शहराकडे पळत नाहीत, हे नियमाचं कारण मलाही पाठ आहे. पण लोखंडी चाकांना डांबरी रस्त्यावर येऊ देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी माझी लेक जुस्टिना बाळंतपणात अडली, भाड्याचा ट्रक आला नाही, आणि घोडागाडीने दवाखाना गाठेपर्यंत मूल गेलं. 'देवाची इच्छा,' असं तू दफनाच्या वेळी म्हणालास. दाढ काढायला मात्र तू भाड्याच्या ट्रकने सांताक्रूझ शहरात गेलास. त्याला काय लोखंडी चाकं होती? देवाची इच्छा तुझ्या दाढेला लागू नसावी. मला फार राग आलाय, कर्नेलियस.

जुस्टिनाला सातवा महिना लागलाय.

आता इतके दिवस टाळलेलं लिहिते. टायर इसाकने लावलेच नाहीत. तो चार दिवस बियाणं आणायला गेला होता, तेव्हा मी शहरातल्या मेकॅनिकला बोलावून ते बसवून घेतले. परत आल्यावर तो शेडच्या दारात नुसता उभा राहिला.

"अगाथा, हे काय करून बसलीस?"

"जुस्टिनासाठी केलं."

"मग असू दे," म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

मंडळीपुढे तुम्ही विचारलंत, तेव्हा म्हणाला, "ट्रॅक्टर माझा, म्हणजे टायरही माझेच." बायकांच्या बाकावर बसून मी ते ऐकलं आणि गप्प राहिले. चोर सोडून तुम्ही संन्याशाला फाशी दिलीत, आणि ती मी देऊ दिली. याची मला लाज वाटते.

येत्या रविवारी मी उभी राहून सगळं सांगणार आहे. टायर काढणार नाही, माफीसाठी गुडघेही टेकणार नाही, मूल होईपर्यंत तर नाहीच. मग तुला बहिष्कृतांत माझंही नाव वाचावं लागेल, आणि माझ्या हातचं तुला चालणार नाही. म्हणून शनिवारी दुपारी जेवायला ये. सायीतल्या शेवया करते, तुला आवडतात तशा. कापड कापायची काळजी करू नकोस. सोमवारपासून मी इसाकच्याच टेबलाशी बसेन.

रविवारपर्यंत तुझी बहीण,
अगाथा