सगळी दारं बंद

२ जून
या घरात आल्यापासून स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी : स्वयंपाकघरातली फळी, मोरीच्या दाराची कडी, पुढचं दार (फटीत पोस्टकार्ड जाणार नाही), आणि आज पूर्ण झालेलं गेमचं कपाट. एकही स्क्रू नाही. सांधे खाचेत बसवून चिकटवलेत. मागे उघडायला झाकण नाही, सगळ्या बाजूंनी बंद. भिंतीतला प्लगसुद्धा आतच घेतला, कारण लोंबकळणारी वायर मला चालत नाही. कुठे शिकायला गेलो नव्हतो.

गेम माळ्यावर सापडला, एक जुना पडदा आणि एकच लाल बटण. घरमालकिणीच्या भावाचा, तो आधी इथे राहायचा, आता कुठे असतो कोणाला ठाऊक नाही. खेळ सोपा. एक घर, बाहेरून काळं काहीतरी चालत येतं, ते पोचायच्या आत लाल बटण दाबून दारं-खिडक्या बंद करायच्या.

बायको फोनवर हसली. म्हणाली, पन्नाशी आली आणि आता व्हिडिओ गेम? म्हटलं, सकाळी उठून कुठे आग, कुठे अपघात, हे बोटाने वर सारत बसण्यापेक्षा बरं. ती रविवारी सामान घेऊन येतेय.

४ जून
मोबाइल स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकला. बातमी नाही, कटकट नाही. पोरासारखा खेळलो.

घरमालकीण आली होती. कपाट दिसल्यावर उंबऱ्यातच थांबली. विकत मागू लागली, तेही मोडून टाकायला. मी हसून वाटेला लावलं.

५ जून
खेळातलं घर आता हेच झालंय. मोरीची कडी मी लावली तशीच, डाव्या हाताला. करणाऱ्याला दाद द्यायला हवी. स्वयंपाकघराची खिडकी वेळेत बंद केली, भरपूर गुण मिळाले.

संध्याकाळी खरी खिडकी उघडेना. लाकूड फुगलं असेल.

६ जून
फुगलेली नाही. खिडकीच नाही. तिथे भिंत आहे. हात फिरवला, कुठेही सांधा लागत नाही. इतकी सफाई मलाही जमली नसती.

निघायचं ठरवलं. पुढचं दार हलत नाही. बोटभर फट ठेवली असती तर पहार तरी —

७ जून
खेळत नाही. बटण आपोआप दबतं. मोरी गेली. स्वयंपाकघर गेलं, आत मोबाइल, तोही गेला.
कपाटावर हातोडा घातला. सांधा हलला नाही. माझंच काम.
मेन स्विच बाहेर, जिन्यात.

रविवार
पडद्यावर एकच दार उरलंय, अजून भिंत न झालेलं. पुढचं.
काळं काहीतरी जिना चढतंय. दोन्ही हातांत पिशव्या —
लाल बटणाखाली अंगठा घालून ठेवलाय. दबतंय. हाड —
डाव्या हाताने लिहितोय.

दार वाजतंय. तिचाच आवाज. विचारतेय, झोपलात का —
ओरडलो. तिला ऐकू जात नाही. दार चोख बसवलंय ना —

अंगठा आता —

दोन लाख देत होती बाई, रोख, तिथेच उंबऱ्यात, आणि मी म्हटलं, हातची वस्तू मी मोडायला —