वेताचा दिवाण

कंपू, लष्कर-ग्वाल्हेर
१२ फेब्रुवारी १९३६

प्रिय शरू,

अनेक आशीर्वाद. मी एक दिवाण विकत घेतला आहे. हसू नकोस. आठ दिवस झाले, आपल्या आळीत दुसरा विषय नाही. आपली बैठक तुला ठाऊकच आहे: गादी, लोड, आणि लोडांना टेकलेली तुझ्या नानांची दफ्तरातली मंडळी. तिथेच, रस्त्याकडच्या खिडकीखाली, आता माझा दिवाण आहे. लोड कोपऱ्यात गेले.

झालं असं की संक्रांतीनंतर उज्जैनहून तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. तिळगुळाचं असेल म्हणून मी हौसेनं उघडलं. एकदा वाचलं, खरं वाटेना, म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'तुमच्या मुलीस दिवसा आडवे होण्याची खोड आहे. भाद्रपदात पाचव्या महिन्यात तिचे पोट पडले हे खरे, पण त्यास आता चार महिने झाले. भरदिवसा अंथरुणास शिवते, मग सोवळ्यात यायचे कोणी? होळीपर्यंत खोड न गेल्यास आम्हांस चिरंजीवांचा दुसरा विचार करावा लागेल.' दुसरा विचार म्हणजे दुसरी बायको, एवढं मलाही कळतं.

नाना म्हणाले, गोड शब्दांत उत्तर लिहू. मी म्हटलं, लिहा तुम्ही. आणि शेजारच्या मंदाताईंना घेऊन बाड्याच्या चौकामागच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेले. दिवसा टेकण्यासाठी म्हणून मुद्दाम केलेली वस्तू असते, हे मी एकदा सरदारांच्या विजयाबाईंकडे हळदीकुंकवाला गेले तेव्हा पाहिलं होतं. उशाला चढ, बाकी सपाट, एका अंगाला पाठ. तेव्हा मी त्याच्याकडे चोरून पाहिलं होतं. या वेळी हात लावून बघायचं ठरवलं.

दुकानात तीन निघाले. पहिला विलायती, तांबडी मखमल, पाय सोनेरी. सेठजी त्याचीच स्तुती करत सुटले. मी मखमलीवर तळहात दाबला तर आतले घोड्याचे केस सुयांसारखे टोचले. दुसरा सागवानी, पाठीवर मोर कोरलेले. मोर सुंदर होते, पण त्यांच्या चोची बरोबर बरगडीत येत होत्या. शिवाय एक पाय नवा, खिळ्यांनी ठोकलेला, आणि खाली पिठासारखा भुसा झडलेला. म्हणजे कीड अजून आत जेवत बसली होती. तिसरा मागे भिंतीशी उभा करून ठेवला होता. शिसवी, साधा, बैठक वेतानं विणलेली. सांधे लाकडी खुंट्यांचे, हलवला तर हूं की चूं नाही. उशाच्या चढावर मधोमध लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. कुणीतरी तिथे वर्षानुवर्षं डोकं टेकलं होतं. बाई होती की पुरुष, सेठजींना सांगता आलं नाही. बाईच असेल असं मी ठरवून टाकलं.

सेठजी म्हणाले, "बाईसाहब, ये तो बैठक की चीज है, मर्दों के काम की." मी पदर खोचला आणि आडवी झाले. भर दुकानात, सकाळच्या अकरा वाजता, नऊवारीत, चांगली पाय पसरून. मंदाताईंनी तोंडावर पदर घेतला. "अहो उठा, सगळे लोक बघून राहिलेत!" बघेनात का. मी डोळे मिटून दहा श्वास घेतले. वेताखालून वारा लागत होता. चाळीस वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी पाठ टेकण्याची माझी ही पहिली वेळ, बाळंतपणं सोडून. एवढं सुख असतं हे कुणी सांगितलं नव्हतं गं. उठले तेव्हा डोळे ओले होते, मी सेठजींना म्हटलं धूळ फार आहे तुमच्याकडे.

माझी वाकी गेली त्यात. दंडाला काचतच होती.

घरी नाना चिडले. बैठकीत बायकांचं झोपणं, लोक काय म्हणतील, वगैरे. मी विचारलं, तुम्ही जेवून रोज आडवे होता ती वामकुक्षी, आणि बाई झाली की खोड का? त्यावर त्यांनी सोवळ्याचं काढलं. त्याचीच मी वाट बघत होते. कापसाची गादी ओवळी, मान्य. पण लाकूड ओवळं असतं तर आपण पाटावर बसून जेवलोच नसतो. वेत ओवळा असता तर देवाच्या फुलांची परडी टाकून द्यावी लागली असती. आणि वर अंथरायला मी घेतली आहे धाबळी. लोकरीची, जी नेसून मी तीस वर्षं नैवेद्याचा स्वयंपाक केला. आता यावं कुठल्याही शास्त्र्यानं. दुसऱ्या दिवशी नानांचे दफ्तरातले विश्वासराव आले आणि दिवाणावर ऐसपैस बसले, तेव्हा नानाच म्हणाले, "तिथे नको, इकडे सतरंजीवर या." मी आतून ऐकलं.

लांबी मी माझ्या अंगानं मोजली आणि पायाशी चार बोटं जास्त धरली. तू माझ्याहून चार बोटं उंच आहेस. दुपारी त्या खिडकीतून पायांवर ऊन येतं.

आता जे लिहायला इतके दिवस हात होत नव्हता ते लिहिते. दिवाळीत तू कळवलं होतंस, आई, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय थरथरतात, काय करू? आणि मी उत्तर दिलं होतं, 'सूर्य असेतो बाईनं पाठ टेकू नये, तुला हेच वळण दिलं आहे.' माझ्या सासूचं वाक्य, माझ्या अक्षरात. त्यानंतर तुझं पत्र नाही. तुझ्या सासूबाईंवर मी संतापले खरी, पण तुला पहिल्यांदा उठवून बसवलं ते मी. चुकले मी, शरू. तुझं ते पत्र नानांना वाचायला दिलं. त्यांनी सकाळी गोरखीतल्या कचेरीत जाऊन रजेचा अर्ज दिला. शनिवारी ते तुला न्यायला येत आहेत. होळी इथे, पाडवा इथे. डोळ्यांपुढची अंधारी जाईल तेव्हा तू आपणहून उठशील, आणि परत जायचं की नाही हे तूच सांगशील. चिरंजीवांचा विचार त्यांचे लोक करतील, तुझा आम्ही करू.

आणि विहीणबाई, शरूची पत्रं आधी तुम्ही उघडता हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. म्हणूनच एवढ्या ठळक अक्षरात लिहिलं. वाचून झालं असेल तर तिला द्या, आणि शनिवारपर्यंत तिची ट्रंक भरून ठेवा. भरताना तिला उठवू नका.

तुझीच,
आई