एफ-फाईव्हच्या बटणाबद्दल खुलासा

मु. पो. वरवट बकाल, ता. संग्रामपूर
दि. १८ जुलै २०१८

राजमान्य राजश्री आमचे इवाई शेषरावजी, मुक्काम सुलतानपूर, यांच्या सेवेशी मुलीचा बाप इंद्रभान याचा हात जोडून रामराम.

इकडं तुमची सून डिंपल अन् सोमवारी जन्मलेली तुमची नात दोघीही सुखरूप आहेत. तुमचा गुडघा आता बरा असंल अशी आशा करतो. (नसंल तर एरंडाचं तेल कोमट करून चोळावं, डॉक्टरच्या भरोशावर राहू नये.) पाऊस बरा आहे, पऱ्हाटी वीतभर झाली. मागच्या साली गुलाबी अळीनं बोंडं आतून खाल्ली अन् आम्हाले वेचणीपर्यंत पत्ता लागला नाही, म्हणून यंदा मी आत्तापासूनच पानं उलटून पाह्यतो. डिंपलची माय कलाबाई म्हणते, बोंड यायचं आहे अजून, काय पाह्यता. पण धीर धरवत नाही.

काल फोनवर तुम्ही विचारलं, की सोमवारी चार ते पाच सूनबाईचा फोन काऊन लागत नव्हता, तुमचा लेक राम गाडीतून घाबरा होऊन नंबर फिरवत होता. अन् हेही म्हटलं, की आता लेकरू झालं, कॉम्प्युटरचं खूळ बंद. अपराधी मी आहे, तो अपराध सविस्तर लिहितो.

बाळंतपणाले आली तशी डिंपल आपला लॅपटॉप घेऊनच आली अन् आमच्या पुढच्या खोलीत गावाचे ऑनलाईन फॉर्म भरून देऊ लागली. सोमवारी सकाळी कळा सुरू झाल्या, कलाबाईनं तिले संग्रामपूरच्या दवाखान्यात नेलं, मीही मागं गेलो. पण त्याच दिवशी पाच वाजता शेतकी पदविकेच्या फॉर्मची मुदत संपत होती, अन् रहेमतुल्लाच्या महनूरचा फॉर्म राह्यला होता. (रहेमतुल्ला म्हणजे आमचा पिंजारी. तुम्ही निजता त्या आंदणातल्या गादीचा कापूस त्यानंच पिंजला.) पोरगी हुशार आहे, अळीचंच शिकीन म्हणते. डिंपलनं मले परत धाडलं. म्हणे, महनूर स्वतः भरंल, तुम्ही फक्त कुलूप उघडा अन् कशाले हात लावू नका. पान अडकलंच तर वरच्या ओळीतलं एफ-फाईव्ह दाबा, पण मले विचारून.

आता ती वरची ओळ. बियाण्याच्या पाकिटात बिगर-बीटीची लहान पुडी येते ना, अळीसाठी म्हणून बांधाच्या कडेनं धुऱ्याधुऱ्यानं पेरा म्हणतात अन् आपण उकिरड्यावर फेकतो? बटणांच्या पाटीवर अगदी धुऱ्यावर ती एफची बारा बटणं बसवली आहेत. मी त्यांले आजवर त्या पुडीसारखंच बिनकामाचं समजत होतो. महनूरनं अर्धा घंटा खपून तीन पानं भरली अन् पडद्यावर चाक फिराले लागलं. मी विचारून दाबाले पाह्यजे होतं. पण अळी दिसली की फवारा, मेली नाही तर अजून फवारा, हा आपला धर्म. मी एफ-फाईव्ह दाबलं, अन् चाक थांबंना म्हणून सात डाव दाबलं. पान आलं, कोरं करकरीत. पोरीनं पुन्हा भरलं. पुन्हा चाक फिरलं, अन् माहा हात पुन्हा गेला. तिचे डोळे भरून आले तेव्हा मदत म्हणून मी शेजारची बटणं चाचपली. एफ-इलेव्हननं पडद्याचं वरचं सगळं छप्पर उडालं. एफ-ट्वेलनं बाजूले बारीक इंग्रजी अक्षरांच्या मुंग्या उठल्या. करायला गेलो गणपती अन् झालं माकड.

चार वाजले, मी डिंपलले फोन लावला. तिनं एकेक बटण सांगून छप्पर परत बसवलं, मुंग्या घालवल्या, अन् तिसऱ्या डावाले महनूरकडून रकानेच्या रकाने भरून घेतले. मधून मधून ती थांबे, लांब श्वास घे. मले वाटलं रेंज नाही, म्हणून मी वरडून बोलत होतो. माहा हात पुन्हा जाऊ नये म्हणून मी विळ्याच्या टोकानं ते एफ-फाईव्ह निंदून काढलं. पाचले दहा मिनिटं होती. फॉर्म गेला, पण पावतीचं पान कोरंच. डिंपल म्हणे, आता दाबा एफ-फाईव्ह.

शेषरावजी, ते बटण जाग्यावर नव्हतं. मी टेबलाखाली रांगलो, महनूर ओसरीत शोधाले गेली. मी फोनवर डिंपलले सांगतलं, बेटा, मी उपटलं ते. ती म्हणाली, "बाबा, कंट्रोल धरा अन् आर दाबा. पावती आली का? आली ना? बरं, ठेवते मी, मले आत नेऊन राह्यले."

पाच वीसले तुमची नात झाली. पडद्यावरच्या पावतीपुढं मी तिथंच बसून राह्यलो. लेक कळा देऊन राह्यली अन् मी तिले रेंज नाही म्हणून वरडत होतो, याची मले फार लाज वाटते.

आपला आज्ञाधारक,
इंद्रभान

ता. क. बटण माह्या बंडीच्या खिशात सापडलं. डिंपल म्हणते, त्याच्या खालचं रबर दाबलं असतं तरी चाललं असतं. हे रामले सांगू नका, लॅपटॉप त्यानं घेऊन दिला आहे.

ता. क. दुसरा. महनूरचा नंबर लागला तर पेढे घेऊन रहेमतुल्ला सुलतानपूरले येणार म्हणतो. पेढे तुम्ही घ्याल, पण हक्क डिंपलचा आहे.

ता. क. तिसरा, अन् यासाठीच सगळं लिहिलं. तिचं काम बंद करू नका, एवढं पदर पसरून मागतो. तुमच्या गावालेही फॉर्म भरणारं कोणी लागतंच. डिंपल नसंल बसत तर मी येऊन बसतो. मले आता बाराही बटणं ठाऊक आहेत.